विटांच्या जुन्या जलमनोऱ्यात (खाली विटांचा गोल मनोरा, वर पाण्याची लोखंडी टाकी) कॅफे आणि वाचनालय काढता येईल का? खर्च किती येईल?

येईल. पण कंत्राटदार 'आधी सिमेंटचं प्लास्टर मारून मजबूत करू' म्हणतो, असं तुम्ही लिहिलंय. ते नका करू. नागपुरात लोक सर्रास हेच करून राहिले. चुन्यातली भिंत पावसात ओल पिते आणि दरजांमधून, म्हणजे विटांमधल्या सांध्यांतून, ती बाहेर टाकते. वरून सिमेंट चढलं की ओल अडकते, क्षार विटेच्या तोंडाशी येऊन फुगतात आणि मऊ जुन्या विटेचे पापुद्रे निघतात. सिमेंट शाबूत. मग तोच कंत्राटदार विटेला नावं ठेवतो.

दरजा छिन्नीनं २०-२५ मिलिमीटर खरवडायच्या. ग्राइंडर नको, विटेच्या कडा जातात. भरायचा मसाला: चुना १, सुरखी (विटांची भुकटी) १, वाळू २. चुना निदान पंधरा दिवस मुरलेला. दरज आधी ओली करा, भरल्यावर दहा-बारा दिवस ओलं गोणपाट. काम ऑक्टोबर ते फेब्रुवारीतच घ्या. मे महिन्यात ४५ अंशांत चुना धरण्याआधीच वाळतो आणि बोट लावलं की भुगा पडतो.

वरची लोखंडी टाकी भंगारात द्यायची घाई नको. ५० हजार लिटर पाणी म्हणजे ५० टन, आणि ते वजन विटांना दाबून धरत होतं. पाण्याचा भार गेला तरी मनोऱ्यावरचा वारा तेवढाच राहतो. वाऱ्याकडच्या बाजूला ताण येतो आणि चुन्यातल्या विटा ताण जवळपास घेतच नाहीत. म्हणून या ताणाचं गणित रिकाम्या टाकीचं आणि काढलेल्या टाकीचं, दोन्ही करून घ्या.

मजल्यांसाठी भिंतीत खोबण्या पाडू नका. आत स्वतंत्र लोखंडी सांगाडा, स्वतःच्या पायावर. खाली काळी माती असेल तर जुन्या पायालगत उघडा खड्डा पावसाळ्यात ठेवू नका.

आता जागेचं. बाहेरून ६ मीटर व्यास आणि ६० सेंटिमीटर भिंत धरली, तर आत जेमतेम १८ चौरस मीटर उरतात, त्यातून जिना वजा. बर्लिनमध्ये १८७७च्या विटांच्या जलमनोऱ्यात आजही लोक राहतात, पण त्याचा घेर केवढा! तुम्ही स्वयंपाकघर बाहेर शेडमध्ये काढा, आत फक्त बसायला आणि पुस्तकांना. उन्हाळ्यात गरम हवा निघायला माथ्याशी झरोके हवेतच.

खर्चाचा आकडा दरजांची मोजणी झाल्यावरच विचारा. त्याआधी कोणी सांगितला, तर तो प्लास्टरचाच असेल. आणि हो, इमारत हेरिटेज यादीत असेल तर छिन्नी लावण्याआधी परवानगी काढा. एकाच अरुंद जिन्यावर वरच्या मजल्यावर गर्दी बसवायला अग्निशमनवाले हो म्हणतील, असंही धरू नका.