बुलेटचा स्लीव्ह गिअर बदलू की कोल्हापूरच्या उद्यमनगरात नुसता बुश करून घेऊ?

तुमची जुनी बुलेट ३५० उघडलेली आहे, गिअरबॉक्सचा मेन शाफ्ट क्लचच्या बाजूला हाताने हलतो, इंजिनकडून क्लच फिरवणारी प्रायमरी चेन एका जागी ताठ तर दुसरीकडे लोंबते आणि मेकॅनिक स्लीव्ह गिअरच बदला म्हणतोय. दात शाबूत असतील तर जुना गिअर टाकू नका, आतला बुश, म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो ती धातूची नळी, तेवढा नवा करा.

जुन्या चार गिअरच्या बॉक्समध्ये मेन शाफ्ट स्लीव्ह गिअरच्या पोटातून बाहेर येतो आणि टोकाला अख्खा क्लच पेलतो. टॉपमध्ये दोघे एकत्र फिरतात, खालच्या गिअरमध्ये वेग वेगळे असतात आणि तेव्हा बुश घासतो. पण चेनचं ताठ-सैल होणं वाकड्या शाफ्टमुळे किंवा झिजलेल्या चेनमुळेही होतं, म्हणून आधी शाफ्ट लेथच्या दोन सेंटरमध्ये धरून फिरवा आणि वाक दाखवणारा डायल गेज लावा. शाफ्ट वाकडा असेल तर नवा बुश घालून उपयोग नाही.

उद्यमनगरातल्या टर्नरला बुश काही नवा नाही. गुऱ्हाळाच्या चरकाचे, ऑइल इंजिनचे बुश ही मंडळी वर्षानुवर्षं करत आलीत. पण चरकाचा बुश सैल चालतो, आपला चालत नाही. म्हणून माप तुम्ही द्या, आणि ते जुन्या बुशावरून नको, तुमच्या शाफ्टवरून मायक्रोमीटरने घ्या.

माझ्या गाडीच्या वेळी माप शाफ्टवरून घेऊनही मी चुकलो. बुश लेथवरच शाफ्टच्या मापाचा करून घेतला. हातात शाफ्ट लोण्यासारखा सरकायचा. गिअरमध्ये दाबला आणि शाफ्ट आत जाईना! बुशाचा बाहेरचा व्यास भोकापेक्षा ०.०४ मिमी मोठा होता, आणि दाबल्यावर आतलं भोक जवळपास तेवढंच आवळलं. मग काठीला पॉलिश पेपर गुंडाळून मी भोक घासत बसलो. ते लंबगोल झालं आणि काही महिन्यांत क्लच पुन्हा डोलायला लागला.

तेव्हा बुश गनमेटलचा किंवा फॉस्फर ब्रॉन्झचा घ्या, पितळ नको. बाहेरून ०.०३ ते ०.०५ मिमी टाइट ठेवा, आतून ०.२ मिमी माल शिल्लक ठेवा. आधी प्रेसने बसवा, ठोकून नाही. मग गिअर बेअरिंग बसतं त्या व्यासावर धरून, डायल लावून, भोक बोअर करा आणि शेवटी रीमर (भोक नेमक्या मापाला आणणारं हत्यार) मारा. शाफ्टपेक्षा ०.०४ मिमी मोकळं पुरे. जुन्या बुशाला तेलाची खाच असेल तर तशीच नव्यालाही काढायला सांगा, त्यासाठी जुना बुश जपून ठेवा.

शाफ्टवर झिजून पायरी पडली असेल तर तो ग्राइंड करून घ्या आणि बुश त्या नव्या मापाचा करा. वेल्डिंगने भरू देऊ नका, उष्णतेने शाफ्टचा कडकपणा जातो.

सगळं बसल्यावर क्लच हाताने फिरवत चेन चार ठिकाणी तपासा. सगळ्यात ताठ जागी ६ मिमी ढील हवी.