सरवा शेतातच राहू दे

इंदूर

ख्रिस्तात प्रिय,

सलाम. पहिल्या पगारातून दशांश (कमाईचा दहावा भाग) किती आणि कुठे द्यायचा, असं विचारलंस. किती, हे सोपं आहे. हातात २८,००० येत असतील तर २,८००. (भविष्यनिधी कापण्याआधीचा पगार धरायचा की नंतरचा, यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. हातात येतात ते धर आणि मोकळं हो.) घरावर कर्जाचा हप्ता असेल तर पाच टक्क्यांपासून सुरुवात कर. प्रेषित पौल करिंथच्या ख्रिस्ती लोकांना पत्रात हेच लिहितो: जवळ असेल त्या मानाने, नसेल त्या मानाने नाही.

फक्त रक्कम पगाराच्याच दिवशी बाजूला काढ. महिनाअखेर उरेल ते देऊ म्हटलं की काही उरत नाही. यरुशलेमच्या गरिबांसाठीची वर्गणी पौलाने आठवड्याच्या पहिल्या दिवशी घरीच साठवायला सांगितली होती (१ करिंथ १६:२), ती उगाच नाही.

अर्धी रक्कम मंडळीत, म्हणजे आपल्या चर्चमध्ये. बाकीचे १,४०० आपल्या वेशीच्या आत राहू देत. दर तिसऱ्या वर्षाचा दशांश गावातल्याच लेवी (जमिनीचा वाटा नसलेले मंदिरसेवक), उपरा, अनाथ आणि विधवा यांच्यासाठी ठेवावा, असं बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकाच्या १४ व्या अध्यायात आहे. तेव्हा जवळपासचं एकच घर निवड आणि वर्षभर धरून ठेव. दहा घरांना एकेकदा दिलेल्याचा हिशेब कुणाच्याच चुलीला लागत नाही.

देण्याआधी त्यांचं रेशनकार्ड चालू आहे का ते विचार. प्राधान्य गटातल्या घराला माणशी पाच किलो धान्य दरमहा फुकट मिळतं, म्हणजे चौघांना वीस किलो. तरी हौशी दाते गव्हाचंच पोतं नेऊन टाकतात. कमी पडतं ते डाळ, तेल, साबण. चौघांसाठी तूरडाळ तीन किलो, तेल दोन लिटर, साखर दोन किलो, चहापत्ती पाव किलो, अंगाचे आणि कपड्यांचे चार-चार साबण धर, हजार-बाराशेत बसतं. कार्डात एखाद्या मुलाचं नावच नसेल तर आधी समग्र आयडीत (मध्य प्रदेश सरकारची कुटुंबनोंद) ते चढलंय का ते पाहा. ते काम करायला त्यांच्याबरोबर एक सकाळ घालवलीस आणि नाव चढलं, तर वर्षाला साठ किलो धान्य घरात येतं. तुझ्या पाकिटातून एक रुपयाही जात नाही.

आता मुख्य गोष्ट. हे सामान पिशवीत भरून त्यांच्या दारात नेऊ नकोस. लेवीय १९ मध्ये शेतमालकाला सांगितलंय की कडेपर्यंत कापू नको, सरवा (कापणीनंतर शेतात पडून राहिलेली कणसं) वेचू नको. पेंढी उचलून गरिबाच्या घरी पोचवायला सांगितलेलं नाही. तो स्वतः येतो, हवं ते वेचतो, मान वर ठेवून घरी जातो. आज शेत नाही, पण कोपऱ्यावरचं किराणा दुकान आहे. तिथे त्यांच्या नावाने १,२०० जमा कर. त्यांना लागेल तेव्हा, लागेल ते नेतील. उरलेले २०० औषधपाण्यासाठी ठेव. दुकानदाराशी तीन गोष्टी आधीच ठरव: गुटखा-तंबाखू नाही, मुदत संपत आलेला माल नाही, आणि गिऱ्हाइकांसमोर 'हे दानातलं' असं म्हणायचं नाही. तिसऱ्या अटीवर तो हमखास घसरतो. घसरला तर दुकान बदल.

फोटो काढायचा नाही, हे वेगळं सांगायला नकोच. सामानाबरोबर पत्रकही नको. मध्य प्रदेशात २०२१ चा धार्मिक स्वातंत्र्य कायदा आहे. पैसा, वस्तू, शिक्षण यांचं प्रलोभन दाखवून धर्मांतर करवणं हा गुन्हा आहे. कायदा नसता तरी सांगितलं असतं: भुकेल्याला डाळ देताना त्याच्या श्रद्धेची चौकशी करणं हलकेपणाचं आहे. आणि मलाखी ३ मधलं 'दशांश आणा, आशीर्वाद ओतीन' हे वचन दाखवून दशांशाला मुदतठेव म्हणणाऱ्याचं ऐकू नकोस. दिलं म्हणून बढती मिळत नाही.

मंडळीत तुला दानपेटी मोजायला बसवलं तर एकट्याने बसू नकोस. वर्गणी नेताना पौलानेही सोबत माणसं घेतली, बोल लागू नये म्हणून.

थंडीतली घोंगडी दुसऱ्यांवर सोड. डिसेंबरात सगळेच वाटतात, एकेका माणसाकडे चार होतात आणि तीन विकली जातात. जूनमध्ये वह्या लागतात, छप्पर गळतं, तेव्हा कुणी फिरकत नाही. वर्षाचा जादा पैसा तेव्हासाठी राख.

उसने मागितले तर परत आले नाहीत तरी चालेल एवढेच दे, आणि व्याज नाही (निर्गम २२). वर्ष संपायला दोन महिने असताना पुढे चालू ठेवणार की नाही ते त्यांना स्पष्ट सांग. अचानक थांबलेली मदत संसार विस्कटते.

रेशनकार्डाचं काय निघालं, ते रविवारी उपासनेनंतर पोहे खाताना सांग.