कसाऱ्याला ‘एन’ का?

प्रश्न : डोंबिवलीला इंडिकेटरवर कसारा लोकलपुढे ‘एन’ आणि कर्जतपुढे ‘एस’ दिसतं. नावाशी काही संबंध नाही, मग हे काय गौडबंगाल?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : नवा गार्ड म्हणून लागलो तेव्हा मलाही हाच प्रश्न पडला होता. मध्य रेल्वेचा मार्ग कल्याणला फुटतो. ईशान्येची वाट थळ घाटाच्या पायथ्याशी कसाऱ्याला जाते, आग्नेयेची भोर घाटाखाली कर्जतला आणि तिथून खोपोलीला. ‘एन’ म्हणजे नॉर्थ-ईस्ट, ‘एस’ म्हणजे साउथ-ईस्ट. ‘के’ कल्याणला देऊन झालेला, त्यात कर्जत नि कसारा दोन्ही ‘क’चेच! दिशा धरल्या, बरं झालं.

अक्षर चुकलं की काय होतं ते मी पाहिलंय. रात्री आसनगावचे एक आजोबा झोपेतच कर्जत गाडीत चढले. बदलापूरला उतरून माझ्या केबिनशी आले, “गार्डसाहेब, आसनगाव गेलं का हो?” परत कल्याण गाठण्यावाचून इलाज नव्हता. तेव्हा अक्षर वाचाच, आणि जोडीला उद्घोषणाही ऐका. ऐनवेळी फलाट बदलला तर ती आधी सांगते.