समेट, सलोखा की दिलजमाई? क्शिझोवाच्या मिस्सेला काय म्हणायचं

प्रश्न असा आलाय: पोलंडमधल्या क्शिझोवा गावात १२ नोव्हेंबर १९८९ ला जर्मन चान्सलर हेल्मुट कोल आणि पोलिश पंतप्रधान तादेउश माझोव्हिएत्स्की यांच्या उपस्थितीत जी मिस्सा, म्हणजे कॅथलिक चर्चची सामुदायिक उपासना, झाली, तिला मराठीत समेटाची म्हणू, सलोख्याची म्हणू की दिलजमाईची? आणि 'समेट' म्हटलं की कामगारांचा संप मिटल्यासारखं वाटतं, ही विचारणाऱ्याची शंका.

दिलजमाई आधीच बाजूला ठेवा. ती रुसव्याफुगव्यानंतरची असते, नवराबायकोची नाहीतर एका पक्षातल्या दोन नेत्यांची. इथे दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने पोलंडचा घास घेतला होता, लाखो माणसं मारली, आणि मग युद्ध संपल्यावर सीमा सरकली नि लाखो जर्मनांना आपली घरं सोडून जावं लागलं. याला रुसवा कोण म्हणेल?

गावाबद्दल थोडं सांगतो, कारण शब्द त्यावरच ठरतो. जर्मन काळात हे क्रायझाउ, मोल्टके घराण्याची जहागीर. हेल्मुट जेम्स फॉन मोल्टके हा वकील माणूस, युद्धात लष्करी गुप्तहेर खात्यात आंतरराष्ट्रीय कायद्याचं काम बघायचा आणि तिथे बसून ओलिसांना, युद्धकैद्यांना मारण्याविरुद्ध भांडायचा. १९४२ आणि ४३ मध्ये त्याने आणि त्याच्या बायकोने, फ्रायाने, घरी तीनदा मित्र जमवले, त्यात समाजवादी होते, जेझुइट पाद्री होते, सरदार घराण्यातले होते, आणि हिटलर गेल्यावर जर्मनी कसा उभा करायचा याचे मसुदे केले. तिसऱ्या बैठकीत तर कायदा पायदळी तुडवणाऱ्या आपल्याच लोकांना शिक्षा कशी करायची हाही विषय होता. मला ही गोष्ट फार मोठी वाटते, कारण तेव्हा बाकीचा देश युद्ध जिंकायच्या गोष्टी करत होता. मोल्टकेला २३ जानेवारी १९४५ ला बर्लिनमध्ये फाशी झाली. तुरुंगातली त्याची पत्रं तिथलाच पाद्री हाराल्ड पोएलशाउ जीव धोक्यात घालून बाहेर आणायचा आणि फ्राया ती क्रायझाउला मधमाश्यांच्या पेट्यांमध्ये लपवायची. त्याच वर्षी तिला मुलांना घेऊन गाव सोडावं लागलं, गावाचं क्शिझोवा झालं, तिथे पोलिश कुटुंबं राहायला आली.

आता शब्द. जर्मनमध्ये या मिस्सेच्या नावात 'फेरझ्योनुंग' आहे, त्याच्या पोटात प्रायश्चित्ताचा अर्थ आहे. पोलिशमध्ये 'पोयेदनान्ये', त्यात 'येदेन' म्हणजे एक, एक होणं. मराठीत दोन्ही एका शब्दात येत नाही हे खरं, पण समेट जवळ जातो, आणि त्याचं कारण संपाच्या बातम्यांच्या बाहेर आहे. मराठी बायबलात, तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही असेल तर अर्पण वेदीपाशीच ठेव आणि आधी जाऊन त्याच्याशी समेट कर, असं येतं, तिथे शब्द समेटच आहे. आणि चाललेली होती मिस्साच. बिशप आल्फोन्स नोसोल वेदीपाशी, मोल्टकेंच्या मोडकळीला आलेल्या वाड्याचं अंगण माणसांनी भरलेलं, आणि एकमेकांना शांती द्यायची वेळ आली तेव्हा कोल आणि माझोव्हिएत्स्की यांनी मिठी मारली. बर्लिनची भिंत उघडून जेमतेम ३ दिवस झालेले, कोल पोलंडचा दौरा मधेच सोडून बर्लिनला धावले होते आणि तिथून परत येऊन इथे उभे होते.

शिवाय या समेटाची सुरुवात खरं तर १९६५ चीच, आणि तीही ज्यांनी सोसलं त्यांच्याकडून. पोलिश बिशपांनी जर्मन बिशपांना लिहिलं, आम्ही क्षमा करतो आणि क्षमा मागतो. त्यावरून वॉर्सातलं कम्युनिस्ट सरकार त्यांच्यावर भयंकर चिडलं होतं. यात देवाणघेवाण कुठे आहे? तडजोडीत दोघं थोडं थोडं सोडतात, इथे एकाने हिशोब न मांडता हात पुढे केला. म्हणून समेटाला घाबरू नका.

सलोख्याची अडचण वेगळी, क्रियापदाची आहे. सलोखा नांदतो, राहतो, टिकतो किंवा बिघडतो. समेट होतो, करावा लागतो, त्याला तारीख असते. त्यामुळे १२ नोव्हेंबरची ती 'समेटाची मिस्सा', आणि त्यानंतर त्याच वाड्यात दोन्ही देशांची तरुण मुलं येऊन एकत्र राहायला लागली, १९९८ मध्ये तिथे त्यांच्यासाठी केंद्राचं रीतसर उद्घाटन झालं, त्याबद्दल लिहाल तिथे सलोखा बिनधास्त वापरा.

एक मात्र सांभाळा. कोल यांनी त्या दिवशी पोलंडची पश्चिम सीमा मान्य केली असं काही लिहू नका, तो करार पुढच्या वर्षी, १४ नोव्हेंबर १९९० ला झाला, आणि त्याला समेट नाही, सरळ सीमाकरारच म्हणायचं.