जुनी पुस्तकं घेताना आधी कोड जुळवा

प्रश्न: मुलीला यवतमाळला पॉलिटेक्निकच्या पहिल्या वर्षाला प्रवेश मिळाला. आमच्या गावातला एक मुलगा २०२२ मध्ये डिप्लोमा झाला. तो पहिल्या वर्षाचा सगळा संच ९०० रुपयांत देतो म्हणतो. घ्यावा का?
– एक पालक, दारव्हा तालुका

उत्तर: नका घेऊ. ती पुस्तकं तंत्रशिक्षण मंडळाच्या आय-स्कीमची, म्हणजे जुन्या अभ्यासक्रमाची असणार. पहिल्या वर्षाला २०२३-२४ पासून के-स्कीम हा नवा अभ्यासक्रम लागू झाला आहे. विषयांची नावं बरीचशी तीच राहिली, म्हणून पालकांची फसगत होते. पुस्तकावर छापलेला विषयाचा कोड पाहा. आय-स्कीमचा कोड पाच आकडी, २२ ने सुरू होणारा. के-स्कीमचा सहा आकडी, ३१ ने सुरू होणारा. बेसिक मॅथेमॅटिक्सचंच बघा: आधी २२१०३, आता ३११३०२. आतला मजकूरही हलला आहे. डेरिव्हेटिव्ह पूर्वी दुसऱ्या सेमिस्टरला होतं, आता पहिल्यालाच आलं. जुन्या पुस्तकात तो धडा सापडत नाही आणि परीक्षेच्या तोंडावर नवं पुस्तक घ्यावं लागतं. पैसे दोनदा जातात.

त्यापेक्षा सध्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला असलेल्या मुलामुलींकडे विचारा, तेही सेमिस्टर संपता संपता. तेव्हा पुस्तकं अर्ध्या किमतीला सुटतात. कॉलेज उघडलं की भाव चढतो. नागपूर आणि अमरावतीची शासकीय तंत्रनिकेतनं स्वायत्त आहेत. त्यांचा अभ्यासक्रम आणि कोड वेगळे, तिथल्या मुलांकडून घेताना हे विसरू नका.

हातात पुस्तक आलं की पाठ कुठे तडकली आहे ते बघा. पुस्तक बहुधा सोळा-सोळा पानांच्या फर्म्यांचं, म्हणजे एकत्र दुमडलेल्या पानांच्या जुड्यांचं असतं. फर्मा निसटला की सोळा पानं एकदम जातात. तडकलेल्या जागी पानांचे आकडे सलग आहेत का, ते मोजून घ्या. आपल्याकडे पुस्तकं धान्याच्या कोठीजवळ किंवा मातीच्या भिंतीला लागून ठेवलेली असतात, म्हणून पाठीच्या आत उधईची माती आहे का तेही तपासा. असं एक पुस्तक घरात आलं तर बाकीच्यांनाही धोका.

लॅब मॅन्युअल मात्र कोरंच घ्या. त्यात लिहावं लागतं, सर तपासून सही करतात आणि त्यावर गुण असतात. भरलेलं मॅन्युअल फुकट मिळालं तरी उपयोगाचं नाही.

आणि एक. एआयसीटीई या केंद्राच्या तंत्रशिक्षण परिषदेच्या ई-कुंभ पोर्टलवर डिप्लोमाची पुस्तकं मराठीतही मोफत उतरवून घेता येतात. दहावी मराठी माध्यमातून झालेल्या मुलीला पहिले काही महिने याचा मोठा आधार होतो. एकदा वायफायवर उतरवून ठेवली की गावात रेंज नसली तरी वाचता येतात. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी शासनाची पुस्तकपेढी योजना आहे, दोघांत एक संच मिळतो; प्रवेश झाल्याबरोबर ग्रंथालयात नाव द्या.

प्रश्न: मी बी.ए. पहिल्या वर्षाला आहे. ग्रंथालयातून एका वेळी दोनच पुस्तकं मिळतात. सगळे विषय कसे भागवू?
– एक विद्यार्थिनी, कुरखेडा

उत्तर: आधी गोंडवाना विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून चालू अभ्यासक्रम उतरवा. नव्या शैक्षणिक धोरणानंतर तो बदलला आहे. घरात ताईची जुनी पुस्तकं असतील तर ती युनिटनिहाय जुळवूनच वापरा. मग चार मैत्रिणी मिळून गट करा. प्रत्येकीच्या नावावर दोन, म्हणजे गटाकडे आठ पुस्तकं. परत करायच्या तारखा एकाच वहीत लिहा, नाहीतर दंडात बचत जाते. ग्रंथपालांना एन-लिस्टचं, म्हणजे कॉलेजांसाठीच्या ई-पुस्तकांच्या ऑनलाइन सेवेचं लॉगिन मागा. कॉलेज सदस्य असेल तर घरच्या मोबाइलवरही ई-पुस्तकं उघडतात, पण त्यात इंग्रजीच जास्त. मराठीत एखादी संकल्पना समजून घ्यायला मराठी विश्वकोश ऑनलाइन मोफत आहे, आणि त्याच्या नोंदी गाईडपेक्षा कितीतरी भरवशाच्या.

प्रश्न: पूर्ण पुस्तकाची झेरॉक्स स्वस्त पडते का?
– एक वाचक, मूल

उत्तर: बहुतेक वेळा नाही. ४०० पानांचं पुस्तक, पानाला एक रुपया धरला तरी ४०० रुपये, वर स्पायरलचे वेगळे. तेच पुस्तक नागपूरला सीताबर्डीच्या बाजारात जुन्यात त्याहून कमी भावात मिळू शकतं, आणि वर्षअखेरीस पुढे विकताही येतं. झेरॉक्स कोणी विकत घेत नाही. शिवाय अख्ख्या पुस्तकाच्या प्रती काढून विकणं कॉपीराइट कायद्यात बसत नाही. अभ्यासक्रमात एकाच धड्यासाठी एखादं जाड संदर्भपुस्तक लावलेलं असेल, तर तेवढ्या पानांची झेरॉक्स काढा.