दोन एकर विकण्याआधी: कॅनडात फार्मासिस्ट व्हायचं असेल तर

तू लिहिलंस, "ताई, बी.फार्म होऊन चार वर्षं झाली, दिग्रसला मेडिकलवर आहे. एजंट म्हणतो, कॅनडात हेल्थकेअर मॅनेजमेंटचा एका वर्षाचा डिप्लोमा कर, फार्मासिस्टचं लायसन्स मग आपोआप मिळते. बाबा दोन एकर विकायला तयार आहेत. येऊ का? अन् इंटर्नशिप कोण देते?"

आधी बाबांना सांग, जमीन विकू नका. त्या डिप्लोम्याचा आणि लायसन्सचा काडीचाही संबंध नाही. त्यावर व्हिसा मिळेल, एखाद्या दुकानात असिस्टंटचं कामही मिळेल, पण फार्मासिस्ट म्हणून औषध देण्याचा हक्क त्यातून मिळत नाही. मी आर्णीजवळच्या खेड्यातली. कापसाच्या पैशावर शिकलेल्या घरात दोन एकर म्हणजे काय, हे मला कुणी सांगायला नको.

तुझी चार वर्षांची पदवी इथे कॅनडात चालते. अमेरिकेत चालत नाही. १ जानेवारी २००३ नंतर पदवी घेतलेल्यांना तिथे किमान पाच वर्षांचा अभ्यासक्रम लागतो, म्हणून तिकडचा अर्ज आपल्याकडचे सहा वर्षांचे फार्म.डी.वाले करू शकतात, चार वर्षांचे बी.फार्मवाले नाही. कॅनडात आधी फार्मासिस्ट्स गेटवे या वेबसाइटवर नाव नोंदवायचं, मग फार्मसी एक्झामिनिंग बोर्ड ऑफ कॅनडाकडून कागदपत्रांची तपासणी, मग इव्हॅल्युएटिंग परीक्षा, पुढे दोन भागांची क्वालिफाइंग परीक्षा. एक भाग लेखी, दुसऱ्यात समोर खोटा रुग्ण बसवतात आणि तू त्याच्याशी कशी बोलतेस ते पाहतात. क्वेबेकचा कारभार वेगळा आहे. कागदांची तपासणी घरी बसून होते आणि एक्स्प्रेस एंट्रीत, म्हणजे कायमचं राहण्यासाठीच्या अर्जाच्या पद्धतीत, फार्मासिस्ट म्हणून अर्ज करायचा तर पदवीचं मूल्यांकन याच बोर्डाचं लागतं. म्हणून सुरुवात इथून कर, विमानाच्या तिकिटापासून नको.

या कागदांतच माझे आठ महिने गेले, आणि कारण होतं नाव. मार्कशीटवर आधी आडनाव, मग माझं नाव, मग वडिलांचं. फार्मसी कौन्सिलच्या नोंदणीवर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं. आपल्याला यात काही वावगं दिसत नाही, पण त्यांच्या लेखी त्या तीन बाया होत्या. लग्नाचा दाखला आणि नावाचं प्रतिज्ञापत्र दिलं तेव्हा गाडी पुढे सरकली. ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या वर्षांच्या गुणांचं पत्रक, विद्यापीठाकडून थेट बोर्डाला जावं लागतं, आपण पोस्टात टाकून चालत नाही. अमरावतीला एकदा जाऊन भागेल असं समजू नको. पावती जपून ठेव आणि दर पंधरा दिवसांनी फोन कर.

एक गोष्ट मोठ्या बहिणीच्या नात्यानं सांगते. आपल्याकडे कितीतरी मेडिकलवर भिंतीला सर्टिफिकेट एकाचं असतं आणि काउंटरवर दुसराच असतो. १९४८ च्या फार्मसी कायद्यानं नोंदणीकृत फार्मासिस्टशिवाय कुणी औषध देऊ नये असं असूनही हे चालतं. तुझं सर्टिफिकेट कुठे असं लावलेलं असेल तर आजच काढून घे. प्रत्यक्ष न केलेल्या कामाचं अनुभवपत्र तर कधीच जोडू नको. इथे एक खोटा कागद सापडला की सगळं दार बंद होतं.

आता इंटर्नशिप. मी अल्बर्टात आहे, तिथलंच सांगते. प्रत्येक प्रांताचा नियम वेगळा असतो. इथली नियामक संस्था म्हणजे अल्बर्टा कॉलेज ऑफ फार्मसी. नावात कॉलेज असलं तरी तिथे वर्ग भरत नाहीत. इव्हॅल्युएटिंग परीक्षा पास झाल्यावर प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरत्या, रजिस्टरवर नाव लागतं आणि प्रिसेप्टरच्या, म्हणजे अनुभवी फार्मासिस्टच्या, देखरेखीखाली शेकडो तास काम करावं लागतं. हा प्रिसेप्टर तुला कुणी नेमून देत नाही. स्वतः शोधावा लागतो.

मी कॅलगरीत साठेक दुकानांना अर्ज पाठवले. एकानं बोलावलं. त्यानं चार महिने मला गल्ल्यावर बसवलं, खोकी फोडून घेतली आणि मूल्यांकनाच्या कागदावर सही मागितली की "पुढच्या आठवड्यात". तेव्हा मी रोज रात्री रडायची. घरी सांगायची सोय नव्हती, कारण घरी सगळे खूश होते. शेवटी ते सोडलं आणि तीन तासांवरच्या एका छोट्या गावातल्या दुकानात स्वतः जाऊन उभी राहिले. खेड्यांत इथेही फार्मासिस्ट टिकत नाहीत. तिथल्या फार्मासिस्ट बाईंनी, पुढे माझ्या प्रिसेप्टर झाल्या त्यांनी, एकच विचारलं, "हिवाळ्यात राहशील?" राहिले. उणे तीसमध्ये राहिले, आणि जे शिकले ते तिथेच.

तिथला पहिलाच आठवडा. एक म्हातारे शेतकरी संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट न्यायला आले. आठवड्यातून एकदाच घ्यायचं औषध. मी नीट समजावलं, दुष्परिणाम सांगितले आणि आपल्या सवयीनं विचारलं, "समजलं ना?" ते म्हणाले, "हो." मी पिशवी पुढे केली तशी प्रिसेप्टर बाईंनी हलकेच तिच्यावर हात ठेवला आणि त्यांना म्हणाल्या, "घरी गेल्यावर हे कसं घ्याल, मला सांगा बरं." ते म्हणाले, "रोज सकाळी न्याहारीनंतर." माझे हातपाय गार पडले. रोज घेतलं तर मेथोट्रेक्सेटनं रक्तपेशी बनणं थांबतं, माणूस दगावू शकतो. मला औषधाची सगळी फार्माकॉलॉजी येत होती. पण त्या माणसाच्या डोक्यात काय पोचलं, हे विचारणं येत नव्हतं.

परीक्षेतला तो खोटा रुग्ण हेच तपासतो आणि इंटर्नशिपमध्येही याचंच मोजमाप होतं. याची तयारी तुला दिग्रसच्या काउंटरवर आजपासून करता येते. वेचणीच्या दिवसांत बाया येतात, "बाई, अंगदुखीची ते पिवळी गोळी दे ना." पट्टी कापून देण्याआधी विचार, मावशी, पोटात जळजळ होते का, बीपीची गोळी चालू आहे का, कोणती? मग तिच्याकडूनच वदवून घे, कशी घेशील. गर्दीत रोज दोघींना विचारलंस तरी पुरे. रात्री तेच बोलणं इंग्रजीत मोठ्यानं म्हण. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल दोनच वर्षं चालतो, म्हणून ती परीक्षा कागद मार्गी लागल्यावरच दे.

औषधांची नावंही बदलतात. पॅरासिटामॉलला इथे अ‍ॅसिटामिनोफेन म्हणतात, अंगदुखीचं निमेसुलाइड मिळतच नाही. ते महिनाभरात अंगवळणी पडतं, त्याची काळजी नको.

प्रिसेप्टर मिळाला की होकार देण्याआधी विचार, तुमच्याकडे आधी कोण इंटर्न होतं, त्यांचं पूर्ण झालं का? जमलं तर त्या इंटर्नशीच बोल. आणि त्या नियामक कॉलेजनं नोंदणी आणि जागा दोन्ही मान्य केल्याचं लेखी येईपर्यंत तास मोजू नको.

परीक्षा, नोंदणी, क्लास मिळून खर्च लाखांतच जातो, पण तो एकदम लागत नाही, टप्प्याटप्प्यानं लागतो. पगारातून साठव. मेडिकल सोडू नको, वावर राहू दे.

सध्या एवढंच कर: दहावीची सनद, डिग्री, कौन्सिलची नोंदणी आणि पासपोर्ट शेजारी शेजारी ठेव आणि चारही ठिकाणचं नाव एका कागदावर जसंच्या तसं, स्पेलिंगसकट उतरव. तो कागद मला पाठव. प्रतिज्ञापत्रात काय लिहायचं ते आपण दोघी मिळून ठरवू.