तिरक्या रेघेला घाबरू नकोस

गिटारच्या कॉर्डच्या नावात तिरक्या रेघेनंतर लिहिलेला असतो तो फक्त बेसचा, म्हणजे सगळ्यात खालचा स्वर. ए मायनर सिक्स्थ घे: ए, सी, ई, एफ शार्प. मायनर असतो तो तिसरा स्वर, सहावा मेजरच. इथेच बरेचजण साधा एफ दाबून फसतात.

आता बेसला एफ शार्प. मधलं बोट सहाव्या, म्हणजे सगळ्यात जाड तारेवर, दुसऱ्या फ्रेटला (गळ्यावरच्या दुसऱ्या खणात). त्याचंच टोक पाचव्या तारेला टेकवून ती मुकी ठेव. चौथीवर अनामिका, तिसरीवर करंगळी, फ्रेट तोच. दुसऱ्या तारेच्या पहिल्या फ्रेटवर तर्जनी. पहिली तार वाजवू नकोस.

यालाच एफ शार्प मायनर सेव्हन फ्लॅट फाइव्हही म्हणतात. नावावरून वाद घालत बसू नये. सुटा वाजवलास तर कडवट लागेल. ए मायनर, तोच बेसला जी घेऊन, मग हा, मग एफ मेजर सेव्हन्थ असं वाजव आणि बेस उतरताना ऐक.